येतानाचा चढ

कप्तानाने बातमी दिली ती अगदी मनापासून, तोंडभर हसून. "काका, ही तुमची शेवटची फेरी. काकूंना घेऊन या. वरची केबिन रिकामी ठेवलीय. इतकी वर्षं तुम्ही एकट्यानेच मजा मारलीत, आता त्यांनाही दाखवा की सगळं!"

आचारी "हो हो, वा वा" म्हणाला आणि खाली स्वयंपाकघरात येऊन बटाट्यांच्या पोत्यावर बसला. दाखवा म्हणे सगळं! काय दाखवणार, कपाळ? दक्षिण किनाऱ्याची ही सफर त्याने उभं आयुष्य केली होती, पण वाटेतल्या एकाही गावाला त्याचा पाय लागला नव्हता. आणि बायकोला मात्र त्याने ती सगळी गावं गल्लीबोळांसकट तोंडपाठ करून दिली होती. आता ती येणार, बघणार, आणि नवऱ्याने जन्मभर आपल्याला थापा मारल्या हे तिला कळणार. तिला तोंड कसं दाखवायचं, हा एकच प्रश्न त्याच्यापुढे होता.

बोट तशी लहानच. वीस-पंचवीस उतारू, बसायला लाकडी डेक, खाली केबिनी आणि त्यांच्याही खाली, इंजिनाच्या शेजारी, स्वयंपाकघर. बोट किनाऱ्याकिनाऱ्याने जायची, एखाद्या गावच्या धक्क्याला लागायची, लोक उतरून हिंडून यायचे आणि पुन्हा बोट पुढे. हिंडून आलेल्या माणसांना भूक लागते. ती आली की ताटं तयार हवीत, हा बोटीचा रिवाज. म्हणजे लोक उतरले की आचाऱ्याची खरी लढाई सुरू, लोक चढले की वाढप, वाढप झालं की भांडी, आणि भांडी उपडी घालून होतात तोवर पुढचा धक्का. मालक दरवर्षी हाताखाली माणूस द्यायचं कबूल करी आणि दरवर्षी विसरे. विसरण्यात मात्र त्याने कधी खंड पडू दिला नाही.

स्वयंपाकघराला एक गोल खिडकी होती, परातीपेक्षा लहान. तिच्यातून प्रत्येक गावाचं जे दिसे ते म्हणजे धक्क्याची भिंत. दीपगृहाच्या गावची भिंत शेवाळाने हिरवीगार. बाजाराच्या गावची काळ्या दगडाची, तिच्यात एक गंजलेली कडी. तिसऱ्या गावाला लांबलचक लाकडी धक्का होता, तिथे भिंतीऐवजी खांब दिसत आणि खांबांमधून हलणारं पाणी. आचाऱ्याला भिंतीवरून गाव ओळखता येई. एवढीच त्याची मुशाफिरी.

उतरावंसं वाटलंच नाही असं नाही. एकदा इंजिन बिघडून बोट बाजाराच्या गावी अडकली होती. आचाऱ्याने धुतलेला सदरा अंगात चढवला, केस विंचरले, जिन्याच्या वरच्या पायरीवर आला, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आचारीबुवा, वेळ आहे तर जरा भजी होऊन जाऊ देत." सदरा पुन्हा खुंटीवर गेला.

आता तो पहिल्या वर्षीच खरं बोलला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण पहिल्या मोसमानंतर तो घरी आला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मागच्या बाजूच्या दोन खोल्या, खिडकीसमोर हातभर अंतरावर गोदामाची भिंत, आणि घरात त्याची आई अंथरुणाला खिळलेली. बायकोला उंबऱ्याबाहेर पडायची सोय नव्हती. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला, समोर बसली आणि म्हणाली, "सांगा ना, काय काय पाहिलंत?" तिच्या डोळ्यांत इतकी उत्सुकता होती की 'कढई पाहिली' म्हणून सांगायची आचाऱ्याची छाती झाली नाही. जेवताना उतारू दीपगृहाबद्दल जे बोलले होते, तेच त्याने सांगितलं. बायको गुंग होऊन ऐकत राहिली. चहा गार झाला.

त्याला थाप म्हणायची तर म्हणा. पण त्यातला शब्द न् शब्द कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेला होता. फक्त ते डोळे आचाऱ्याचे नव्हते.

मग ते व्यसनच लागलं. लोक बोटीवर चढून, पाणी प्यायला खाली उतरून स्वयंपाकघराच्या दारावरून गेले की हा आतून विचारायचा, "काय पाहिलंत आज? आणखी काय?" कुणी रंगवून सांगितलं की त्याच्या ताटात माशाची जाडजूड तुकडी पडे. कुणी नुसतं "छान होतं" म्हणालं की शेपटीकडची. लोकांना वाटे, किती आपुलकीने विचारतो बिचारा. आचारी मनात सगळं साठवून ठेवी आणि मोसम संपला की बायकोपुढे उलगडी. विहिरीच्या काठावर बसणारी म्हातारी, तोंडाने शीळ घालणारा न्हावी, तिसऱ्या गावातल्या, पुलापलीकडच्या शिंप्याच्या दुकानातला शिव्या देणारा पोपट. बायकोला पोपट इतका आवडला की तिने त्याची ख्यालीखुशाली दरवर्षी विचारली. स्वयंपाकघराच्या ठेंगण्या तुळईला आपटून आचाऱ्याच्या कपाळाला खोक पडली होती, तिचंही त्याने सोनं केलं. "दीपगृहाचं दार फार ठेंगणं आहे गं," त्याने सांगितलं. "वाकून जावं लागतं."

बायको सगळं ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातात पिशव्या देई. "जग बघून आलात, आता जरा घराकडे बघा." मग दळण, पाणी, आईला उचलून बसवणं, गळकं छप्पर, मुलीची शाळा, सगळं त्याच्या अंगावर. आचारी मुकाट्याने करी. सहलीवरून आलेल्या माणसाला दमायची मुभा नसते, आणि ते त्याला रास्तच वाटे.

आई गेली, मुलगी लग्न होऊन सासरी गेली, आणि बायको मोकळी झाली ती अशी त्याच्या शेवटच्या फेरीला.

ती आली तीच नवेकोरे बूट घालून. बोट सुटायच्या आधीच तिने डेकवर चार ओळखी केल्या. त्यातली एक मोठ्या टोपीच्या बाई, सारख्या वारा घेणाऱ्या, तिच्या अगदी गळ्यात पडल्या. बायकोने त्यांना पुढची गावं ओळीने सांगायला सुरुवात केली. "आमच्या ह्यांनी सगळं बघितलंय ना! उद्या दीपगृह. दार ठेंगणं आहे, डोकं सांभाळा. वाटेत उजव्या हाताला विहीर लागेल." खाली कांदा चिरता चिरता आचाऱ्याच्या कानावर ते पडत होतं आणि दर वाक्याला त्याची सुरी थबकत होती. थाप घरातल्या घरात होती तोवर ठीक होतं. आता त्या थापेच्या जिवावर बायको चारचौघांत मान ताठ करून बसली होती.

दीपगृहाचं गाव आलं. "चला ना," बायको जिन्यावरून ओरडली.

"चुलीवर सगळं अर्धवट आहे. तू जा त्यांच्याबरोबर. माझं काय, नेहमीचंच बघणं आहे." हे शेवटचं वाक्य तोंडातून निसटलं आणि त्याने जीभ चावली.

परत आल्यावर ती दारात उभी राहिली. चेहरा जरा उतरलेला. "अहो, विहीर डाव्या हाताला आहे."

"उजव्याच."

"मी पाहून आले. डाव्या. सगळ्यांना उजवीकडे बघा, उजवीकडे बघा म्हणत होते मी, आणि तिकडे एका माणसाचं अंथरूण वाळत घातलेलं होतं. तो संतापला."

"बुजवली असेल ती विहीर. ही नवी खणली असेल."

"विहीर आहे का घागर, इकडची तिकडे ठेवायला?" ती म्हणाली. "आणि ते दार. त्या दारातून उंट जाईल."

"दुरुस्ती केली असेल," आचारी म्हणाला आणि झाकण उघडून वाफेत तोंड घातलं. तो घामाघूम झाला होता, पण स्वयंपाकघरात ते कुणाला कळत नाही हे एक बरं असतं.

बाजाराच्या गावाबद्दल त्याने तिला इतक्यांदा सांगितलं होतं की ते आपण पाहिलंय असं त्याला स्वतःलाच वाटू लागलं होतं. धक्क्यावरून निघालं की चढ. चढून चढून जीव मेटाकुटीला येतो, मग वर बाजार. येताना मात्र उतार, नुसतं गडगडत यायचं. या गावाची त्याला खात्री होती, कारण एका नाही, दोघा नाही, सगळ्या उतारूंनी त्या चढाच्या नावाने बोटं मोडली होती. बायको बोटीवरून निघाली तेव्हा त्याने तिला बजावलं, "सावकाश जा. चढ आहे." ती दिसेनाशी झाली आणि तो मासे साफ करायला बसला. खिडकीतून काळी भिंत दिसत होती. कडी आणखी थोडी गंजली होती.

लोक परत आले. टोपीच्या बाई धापा टाकत दारावरून गेल्या. "बाई बाई बाई, काय हो तो चढ! छातीचा भाता झाला."

"आणखी काय पाहिलंत?" सवयीने आचाऱ्याने आतून विचारलं.

"निघाल्यावर डाव्या हाताला तो शीळ घालणारा न्हावी होता," बाई म्हणाल्या आणि पाणी प्यायला गेल्या. त्यांच्यामागे बायको उभी होती. आचाऱ्याने मान वर केली तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती, आणि मग वर निघून गेली. जेवणाला ती भरल्या ताटावरून उठली.

बोट तिसऱ्या गावाच्या दिशेने चालली असताना, दुपारी, जिन्यावर बुटांचा आवाज झाला. आजवर बायको स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच आली होती, आत पहिल्यांदाच येत होती. "सांभाळ," म्हणेपर्यंत तिचं कपाळ तुळईवर खाडकन आपटलं. बरोबर तिथेच, जिथे आचाऱ्याची खोक होती.

कपाळ चोळत तिने वर तुळईकडे पाहिलं, मग त्याच्या कपाळाकडे. "हेच का ते दीपगृहाचं दार?" तिने विचारलं.

आचाऱ्याने झारा कढईत घातला आणि उगाचच हलवत राहिला.

"जाताना उतार आहे," ती म्हणाली. "धक्का उंच कातळावर आहे, बाजार पलीकडे खाली खोलगटात. चढ येताना लागतो. न्हावी मला जाताना उजव्या हाताला लागला, येताना डाव्या. तुम्ही सांगितलेलं सगळं येणाऱ्या माणसाचं आहे. तुम्ही गावात कधी गेलातच नाहीत. नुसते परत येत होतात."

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "नाही गेलो," तो म्हणाला.

"एकाही गावात?"

"एकाही नाही. वेळच नव्हता गं. तू इतकं मन लावून विचारायचीस. म्हटलं, तुला तेवढंच सुख."

ती पोत्यावर बसली. इंजिन धडधडत होतं, चुलीची धग अंगावर येत होती, घामाने तिच्या केसांच्या बटा कपाळाला चिकटल्या होत्या. ती आधी हसली. मोठ्याने, तोंडावर हात न धरता हसली. मग तिचे डोळे भरून आले, आणि मग ती चिडली. चिडली ती मात्र अशी की आचारी दोन पावलं मागे सरला.

"सुख? अहो, मी जळत होते तुमच्यावर! आईंचं अंथरूण बदलायचं, पोरगी तापाने फणफणलेली, खिडकीत ती गोदामाची भिंत, आणि तुम्ही दारात आलात की वाटायचं, आले हिंडून! ऐकायला आवडायचं. नाही असं नाही. पण ऐकता ऐकता आत आग व्हायची. म्हणून सकाळ झाली की पिशव्या द्यायचे हातात. मुद्दाम द्यायचे. भरा म्हटलं पाणी, उचला गोण्या, फार झाली चैन. इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलं का मी तुम्हाला, दमलात का म्हणून?"

आचाऱ्याने आठवून पाहिलं. "नसेल विचारलंस. पण पिशव्यांचं मला काही वाटलं नाही. तेवढंच बाहेर हिंडणं व्हायचं."

"गप्प बसा!" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायच्या ऐवजी तिने त्याचं भांडी पुसायचं फडकंच ओढून घेतलं. "माझ्यासमोर गोदामाची भिंत, तुमच्यासमोर धक्क्याची. दोघंही भिंतच बघत होतो की. सांगितलं असतंत तर बरोबरीने रडलो तरी असतो."

तिला जग दाखवावं म्हणून तो जन्मभर झटला होता, आणि त्या जगापायी त्याची बायको त्याच्यापासून लांब गेली होती. हे त्याला आज, नोकरीच्या शेवटच्या फेरीला, कळत होतं. त्याने रश्शात मीठ घातलं. आधी घातलं होतं की नाही, ते त्याला आठवेना.

भोंगा वाजला. गोल खिडकीत लाकडी खांब आले. कप्तान जिन्यावरून वाकला. "काका, आज तुम्ही काकूंना घेऊन उतरायचं. ऐकणार नाही मी. चुलीकडे इंजिनवाला बघेल."

"इंजिनवाला कशाला?" बायको उठली. तिने आचाऱ्याच्या कमरेचा एप्रन सोडला आणि स्वतःला बांधला. "चुलीकडे मी बघते. ह्यांना एकट्यांना जाऊ द्या."

"अगं, तू बघायला आलीस ना?"

"दोन गावं बघितली मी. तुमच्यापेक्षा दोन जास्त." तिने झारा त्याच्या हातून घेतला. "जा तुम्ही. आणि जाताना काय दिसतं ते बघा. येतानाचं मला सगळं पाठ आहे."

तो उतरला. लाकडी धक्क्यावर पाय ठेवला तर पायाखाली काही हलेना, आणि त्यामुळेच तो लडखडला. लोक भराभर पुढे गेले, हा मागे राहिला. आपण कुठे बघायचं असतं, हे त्याला कळत नव्हतं. धक्का संपला, गल्ली लागली. दोऱ्यांवर कपडे वाळत होते, एक बाई दारात बसून शेंगा सोलत होती, तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. शिंप्याचं दुकान आधी आलं आणि पूल नंतर. त्याच्या गोष्टीत पूल आधी होता. दुकानात पोपट नव्हता. रिकामा पिंजरा होता आणि त्यात शिंप्याने दोऱ्याची रिळं ठेवली होती. आचारी तिथे बराच वेळ उभा राहिला. बायको ज्याची दरवर्षी विचारपूस करत होती, तो केव्हा मेला हे त्याला ठाऊक नव्हतं. "काय शिवायचंय?" शिंप्याने विचारलं. "काही नाही, सहज," आचारी म्हणाला. सहज म्हणून कुठे उभं राहायची त्याची ती पहिलीच वेळ.

पुलावर जाऊन त्याने मागे वळून पाहिलं. तिथून बोट दिसत होती. ती एवढीशी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. डेकवरचा पांढरा कठडा, वरच्या केबिनींच्या खिडक्या, आणि सगळ्यांत खाली, धक्क्याच्या खांबांमधून, पाण्याला लागून, एक काळा ठिपका. त्याच्या गोल खिडकीचा. तो बघत असतानाच त्या ठिपक्यातून एक हात बाहेर आला, भांड्यातलं पाणी समुद्रात ओतलं आणि हात आत गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला, पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा आत गेला. किनाऱ्यावरून आतल्या माणसाचं दिसत होतं ते एवढंच. आचाऱ्याला त्या हाताची अतोनात दया आली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आजवर तिथे आपला हात होता. पुलाच्या कठड्याला धरून तो उभ्या उभ्या रडला. शेजारून जाणाऱ्या एकाने विचारलंही, "काय झालं हो?" तर म्हणाला, "काही नाही, कांदा."

परतीच्या वाटेवर त्याने काही पाहिलं नाही. पूल, दुकान, शेंगा सोलणारी बाई, सगळं आपापल्या जागी असणार हे त्याला ठाऊक होतं. तो धक्क्यावरून चालत आला, बोटीवर चढला, जिना उतरला आणि तुळईखाली न बघता वाकला.

स्वयंपाकघरात धूर झाला होता. भात थोडा खाली लागला होता. बायकोचा चेहरा धगीने लालबुंद, कपाळावर टेंगूळ सुपारीएवढं. वर लोक भुकेने गलका करत होते. आचारी पोत्यावर बसला आणि आता ती विचारेल, काय काय पाहिलंत, म्हणून शब्द जुळवू लागला. पोपटाचं कसं सांगावं, तेच त्याला सुचत नव्हतं.

तिने ते विचारलं नाही. हात एप्रनला पुसले, पाण्याचा पेला भरून त्याच्या हातात दिला आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"दमलात का हो?"

त्याने पेला दोन्ही हातांनी धरला.

"हो," तो म्हणाला. "फार दमलो गं."

"मग बसा तुम्ही," ती म्हणाली. "ताटं मी वाढते."